मगर माणसाला ओळखते, पण ती माया नव्हे

नागपंचमीपासून नाशिकमधील आमच्या सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरत आहे. त्यासोबत मगरीला मिठी मारून पोहणाऱ्या माणसाची चित्रफीत आहे आणि खाली चार दावे आहेत : कोस्टा रिकामधील एका मगरीने माणसावर वीस वर्षे प्रेम केले; केरळच्या मंदिरातील मगर केवळ प्रसादाच्या भातावर जगली; गळ्यात घेतलेला अजगर मायेमुळेच शांत राहतो; आणि जो खाऊ घालतो त्याला हे प्राणी कधीच इजा करत नाहीत, म्हणून ते घरी पाळायला हरकत नाही. संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे हे मी जाणतो, परंतु शेवटच्या वाक्यामुळे माणसाचा आणि प्राण्याचाही जीव धोक्यात येतो, म्हणून हे उत्तर.

चित्रफितीतील मगरीचे नाव पोचो आणि माणसाचे नाव चितो शेडन. ही घटना खरी आहे. डाव्या डोळ्यात गोळी लागलेली ही मगर शेडन यांना 1989 च्या सुमारास नदीकाठी मरणासन्न अवस्थेत सापडली, त्यांनी तिला मासे आणि कोंबडी खाऊ घालून जगवले, आणि 2011 मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत ते तिच्यासोबत पाण्यात उतरत राहिले. या दोघांत काहीच नाते नव्हते असे मी म्हणणार नाही. मात्र त्या गोळीने मेंदूलाही इजा होऊन मगरीचा स्वभाव बदलला असावा, अशी शक्यता मांडली गेली आहे, आणि ती तपासण्याचा मार्ग आता उरलेला नाही. एका जखमी जनावराच्या वागण्यावरून साऱ्या मगरजातीचा स्वभाव ठरवता येत नाही.

दुसरी मगर म्हणजे कासरगोड जिल्ह्यातील अनंतपुरा मंदिराच्या तळ्यातील बबिया, जी ऑक्टोबर 2022 मध्ये मरण पावली. तिच्यावर भाविकांची श्रद्धा होती आणि त्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. परंतु मगरीचे दात आणि जठर मांसाहारासाठीच घडलेले असतात, आणि एक मोठे भक्ष्य मिळाल्यावर मगर कित्येक आठवडे काही न खाता राहू शकते. तळ्यातील मासे ती रात्री खात नव्हती, असे सांगायला अहोरात्र पहारा हवा. तिने कोणाला इजा केली नाही यामागे माणसांची दीर्घ सवय आणि भरलेले पोट ही कारणे पुरेशी आहेत.

अजगराचा मुद्दा लवकर संपतो. सापाच्या शरीराचे तापमान भोवतालावर अवलंबून असते. निफाडचा पारा थंडीत एक आकडी होतो तेव्हा आपल्याकडचे साप बिळात सुस्त पडून राहतात. माणसाचे अंग सदतीस अंशांच्या आसपास उबदार असते, त्यामुळे गळ्यातला अजगर ऊब घेत असतो किंवा भीतीने निश्चल झालेला असतो. पाहणाऱ्याला दोन्ही अवस्था ‘शांत’च दिसतात.

चौथा दावा सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘जो भरवतो तो आपला’ ही जाणीव सस्तन प्राण्यांची आहे, कारण आपले पहिले नातेच दुधातून जुळते. मगरीचे तसे नाही. मादी घरट्याची राखण करते, अंड्यातून पिलांचा आवाज येताच वाळू उकरते, त्यांना जबड्यात अलगद धरून पाण्यात नेते आणि पुढे काही महिने त्यांचे रक्षण करते. परंतु ती त्यांना भरवत नाही. पिले स्वतःच किडे आणि बारीक मासे पकडतात. ज्या जातीत आईच भरवत नाही, तिथे भरवणाऱ्या हाताशी लळा लागेल हे गृहीतक आपण आपल्यावरून बांधलेले असते. 2021 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात मुलांच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात, देखभाल करणाऱ्या महिलेचाच हात ॲलिगेटरने (मगरीसारख्याच अमेरिकी प्राण्याने) जबड्यात धरला आणि पाण्यात गिरकी घेतली. त्या जनावराच्या लेखी ती कृतघ्नता नव्हती.

या संदेशाला उत्तर म्हणून काही जण ‘थंड रक्ताच्या प्राण्यांना काही कळत नाही’ असे लिहितात, तेही तितकेच चुकीचे आहे. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँक या मगर-संवर्धन केंद्रातील मगरी पक्ष्यांच्या विणीच्या वसाहतीखाली तोंडावर काटक्या ठेवून पाण्यात दबा धरतात. घरट्यासाठी काटकी उचलायला आलेला पक्षी त्यांचे भक्ष्य होतो. हे निरीक्षण 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातील क्राकेन नावाची कोमोडो ड्रॅगन (एक महाकाय सरडा) मादी तर वस्तूंशी खेळत असे. हे प्राणी शिकतात, लक्षात ठेवतात आणि ओळखतात.

ओळख आणि लळा यांतला फरक मी इंदिरानगरमध्ये एका शेजारच्या काकूंकडे पाहिला. त्यांच्या काचेच्या टाकीत लाल कानाचे कासव आहे. काकू दिसल्या की ते पाय झपाझप मारत काचेपाशी येते. ‘बघ, माझ्यावाचून त्याला करमत नाही,’ असे त्या म्हणाल्या. आम्ही खाद्याचा पिवळा डबा माझ्या हातात घेतला आणि काकू रिकाम्या हाताने शेजारी उभ्या राहिल्या. कासव आधी दचकून तळाशी गेले, थोड्या वेळाने वर आले आणि सरळ डब्याकडे वळले. नंतर डबा कपाटात ठेवला, तर माझ्या हालचालीने ते पुन्हा दगडामागे दडले. काकू जवळ गेल्या तेव्हा मात्र ते दडले नाही. म्हणजे काकूंना ते ओळखते आणि त्यांना भीत नाही. एवढे खरे आहे, आणि एवढेही काही थोडे नाही.

हे कासव मूळचे अमेरिकेतील आहे. नाण्याएवढे विकत घेतलेले पिलू ताटलीएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. मग कंटाळलेली माणसे ते नदीत सोडतात आणि तिथे ते देशी कासवांचे अन्न व जागा बळकावते. मगर किंवा तारा कासव पाळणे तर गुन्हाच आहे, कारण दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. नागपंचमीला दूध पिणारा नागही कित्येकदा अनेक दिवस तहानलेला ठेवलेला असतो. दूध त्याला पचत नाही.

काकूंनी आता मोठी टाकी घेतली आहे आणि कासवाला ऊन मिळावे म्हणून ती बाल्कनीजवळ हलवली आहे. ते गोदावरीत सोडायचे नाही, हेही आमचे ठरले आहे.