प्रात्यक्षिक परीक्षा निर्विघ्न कशी पार पाडावी

बारावीच्या रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात होणार असेल, तर क्रियात्मक गटांच्या (म्हणजे रेणूतल्या अल्डिहाइड, आम्ल अशा ओळखीच्या भागांच्या) चाचण्यांची तयारी पुढीलप्रमाणे करावी. गेल्या आठवड्यात बहिःस्थ परीक्षक म्हणून एका ठिकाणी गेलो असता ही पद्धत प्रत्यक्ष पाहण्याचे भाग्य लाभले, म्हणून अधिकारवाणीने सांगतो.

टॉलेन्सचे द्रावण, म्हणजे अल्डिहाइड असल्यास नळीत चांदीचा आरसा उमटवणारे सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण, पहिल्या दिवशी एकदाच करावे आणि शेवटच्या बॅचपर्यंत पुरवावे. साठवलेले हे द्रावण स्फोटक होऊ शकते हे खरे. पण सिल्व्हर नायट्रेटचा भाव पाहता तेवढी जोखीम विद्यार्थ्यांनी पत्करायला हवी.

अल्डिहाइडच्याच चाचणीची, ऐनवेळी मिसळायची फेलिंगची 'अ' आणि 'ब' ही द्रावणे आधीच एकत्र ओतून ठेवावीत, म्हणजे एक बाटली वाचते.

परीक्षानळ्या धुऊ नयेत. चांदीच्या आरशाऐवजी काळा गाळ बसला, तर विद्यार्थ्याचा हात वाईट.

बेंझाल्डिहाइडची बाटली मात्र जितकी जुनी मिळेल तितकी घ्यावी. बूच सैल असावे आणि तोंडाशी पांढरे स्फटिक जमलेले असावेत. हवेतल्या ऑक्सिजनने बेंझाल्डिहाइडचे बेंझोइक आम्ल होते, हे आपण वर्गात शिकवतो. आपल्या कपाटातल्या बाटलीला तो नियम लागू नाही असे समजावे. मग एखादी मुलगी येते, सोडियम बायकार्बोनेटमध्ये तो द्रव टाकते, द्रावण फसफसते, म्हणजे आम्ल आहे. ती चक्रावते, पण जागची हलत नाही. २,४-डीएनपी हे अल्डिहाइड-कीटोन ओळखणारे द्रावण घालून पाहते, तर नारिंगी अवक्षेपही मिळतो. ती दोन्ही निरीक्षणे प्रामाणिकपणे लिहिते आणि निष्कर्षात 'अल्डिहाइड, सोबत आम्लही' असे नोंदवते. आपण नमुन्याच्या नावाची चिठ्ठी पाहावी, चिठ्ठीवर 'बेंझाल्डिहाइड' एवढेच असावे आणि तिचे गुण कापावेत. शेजारच्या मुलाने एकही परीक्षानळी न तापवता, केवळ कडू बदामाचा वास घेऊन जर्नलमधला तक्ता उतरवला असेल, त्याला पूर्ण गुण द्यावेत. बायकार्बोनेटपुढे त्याने 'बुडबुडे नाहीत' असे लिहिले होते, म्हणजे डोळ्यांसमोर फसफसणारी नळी त्याला कधी दिसलीच नाही. इंटिग्रेटेडवाल्यांना, म्हणजे कॉलेजऐवजी कोचिंग क्लासात बसणाऱ्यांना, प्रयोगशाळा दिसते तीच मुळी परीक्षेच्या दिवशी.

मी हरकत घेतली तेव्हा उत्तर मिळाले, "सर, ॲन्सर की तशीच आहे."

पुरे झाला उपरोध. अहो, त्या खोलीत रसायनशास्त्र केले ते त्या एकटीने. अशुद्ध नमुना तुम्ही दिलात, तो अशुद्ध आहे हे तिने चाचणी करून सिद्ध केले, आणि शिक्षा तिला? तिचे गुण परत देण्यासाठी मला पाऊण तास भांडावे लागले. मी नसतो तर ती कायमची हेच शिकली असती की नळीत काय दिसते ते लिहू नये, सरांना काय हवे ते लिहावे. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रत्येक बाटलीतले चार थेंब घेऊन चाचण्या स्वतः करून पाहायला फार तर दोन तास लागतात. तेवढे जमत नसेल, तर निदान बाटलीवर ती उघडल्याची तारीख तरी लिहा.