पर्रीकर एक निवडणूक हरले होते

17 मार्च, म्हणजे गोव्याचे माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांची पुण्यतिथी, जवळ आली की त्यांच्याविषयीचा एक संदेश गोव्यातल्या मराठी व्हॉट्सअॅप गटांवर फिरू लागतो. आमच्या डिचोलीच्या भजनी मंडळाच्या गटावर पेटी वाजवणाऱ्या काकांनी तो पाठवला आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: भाई, म्हणजे पर्रीकर, आयुष्यात एकही निवडणूक हरले नाहीत, जनतेने चारही वेळा त्यांना स्पष्ट बहुमताने मुख्यमंत्री केले, संरक्षणमंत्री झाले तेही लोकसभेवर निवडून जाऊन, आणि 2022 मध्ये त्यांचे पुत्र उत्पल यांना पाडून पणजीने त्यांचे ऋण विसरल्याचे दाखवून दिले. ते आयआयटीत शिकलेले मुख्यमंत्री होते, हा त्यातला भाग खरा आहे. उरलेल्या चारही दाव्यांना निवडणुकीच्या नोंदी दुजोरा देत नाहीत.

पहिला दावा अर्धा खरा असल्यामुळेच पटकन पटतो. पणजी विधानसभा मतदारसंघातून पर्रीकर 1994, 1999, 2002, 2007 आणि 2012 असे सलग पाच वेळा आणि 2017 च्या पोटनिवडणुकीत सहाव्यांदा निवडून आले. विधानसभेत त्यांना पराभव माहीत नव्हता, हे म्हणणे योग्यच आहे. परंतु त्यांची पहिली निवडणूक विधानसभेची नव्हती. 1991 मध्ये ते आजच्या उत्तर गोव्याच्या, म्हणजे तेव्हा पणजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोकसभा मतदारसंघात भाजपचे उमेदवार होते आणि तिथे काँग्रेसचे हरीश झांट्ये निवडून आले. त्या काळात गोव्याच्या विधानसभेत भाजपचा एकही आमदार नव्हता आणि गावोगावच्या मराठीप्रेमी बहुजन समाजाचे मत वर्षानुवर्षे मगोच्या, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, सिंह या चिन्हावर पडत आलेले होते. अशा वेळी कमळाचे चिन्ह घेऊन उभे राहणे म्हणजे हरण्याची तयारी ठेवूनच उभे राहणे होते. तीन वर्षांनी, 1994 मध्ये, मगोशी युती करून पक्षाचे चार आमदार प्रथमच विधानसभेत पोचले: पणजीतून पर्रीकर, मडकईतून श्रीपाद नाईक, मडगावातून दिगंबर कामत आणि वाळपईतून नरहरी हळदणकर. 1991 चा पराभव पुसून टाकला की या चार जागांची किंमतच कळेनाशी होते. संदेश लिहिणाऱ्याने स्तुतीच्या भरात नेमका हाच भाग गाळला आहे.

दुसरा दावा सर्वांत जास्त फसवा आहे आणि त्यासाठी जरा हिशेब मांडावा लागतो. चाळीस जागांच्या विधानसभेत बहुमतासाठी एकवीस आमदार लागतात. 1999 मध्ये भाजपला दहा जागा मिळाल्या होत्या आणि पर्रीकर विरोधी पक्षनेते झाले होते. ऑक्टोबर 2000 मध्ये ते प्रथम मुख्यमंत्री झाले, ते फ्रान्सिस सार्दिन यांचे सरकार पाडून, इतर पक्षांतल्या फुटीर आमदारांच्या आधाराने. त्यासाठी जनतेने मतदान केलेलेच नव्हते. फेब्रुवारी 2002 मध्ये त्यांनी विधानसभा बरखास्त करायला लावली, मे महिन्यात निवडणूक झाली आणि भाजप सतरा जागांवर थांबला. सरकार आले, पण मित्रपक्षांच्या टेकूवर. तो टेकू किती तकलादू होता हे 2005 च्या जानेवारीत भाजपच्याच चार आमदारांनी राजीनामे दिले तेव्हा दिसले. 2 फेब्रुवारीला सभापतींनी एका अपक्ष आमदाराला सभागृहाबाहेर काढल्यानंतर विश्वासदर्शक ठराव संमत झाला खरा, पण त्याच दिवशी राज्यपाल एस. सी. जमीर यांनी सरकार बडतर्फ केले.

स्पष्ट बहुमत एकदाच मिळाले, 2012 मध्ये: भाजप एकवीस, सोबतीला मगो तीन. पण तीही कारकीर्द नोव्हेंबर 2014 मध्ये संरक्षणमंत्रिपदासाठी आलेल्या दिल्लीच्या बोलावण्यामुळे अर्ध्यावर संपली. 2017 मध्ये तर काँग्रेसला सतरा आणि भाजपला तेराच जागा होत्या. मावळते मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर स्वतः मांद्रे येथे पराभूत झाले होते. गोवा फॉरवर्डचे तीन, मगोचे तीन आणि अपक्षांची जुळवाजुळव करून पर्रीकरांनी 14 मार्चला शपथ घेतली आणि दोन दिवसांनी 22 विरुद्ध 16 मतांनी ठराव जिंकला. कुणी याला कौशल्य म्हणेल, कुणी जनादेशाची पळवापळवी. माझे मत दुसऱ्या बाजूकडे झुकते, पण काहीही म्हटले तरी ते स्पष्ट बहुमत नव्हते. चारपैकी एकही कारकीर्द पाच वर्षांची झाली नाही, हेही संदेशात कुठे नाही.

तिसऱ्या दाव्याचे उत्तर एका ओळीत देता येते: संरक्षणमंत्री असताना पर्रीकर राज्यसभेचे सदस्य होते, तेही उत्तर प्रदेशातून निवडलेले, आणि लोकसभेत ते कधीच गेले नाहीत. 1991 मध्ये त्यांना न मिळालेली जागा भाजपला 1999 मध्ये श्रीपाद नाईक यांनी मिळवून दिली.

राहिला उत्पल यांचा पराभव. पणजी म्हणजे पर्रीकर हे समीकरण 2022 च्या आधीच सैल झाले होते. ऑगस्ट 2017 च्या पोटनिवडणुकीत पर्रीकरांनी काँग्रेसचे गिरीश चोडणकर यांना 4,803 मतांनी हरवले. त्यांच्या निधनानंतर दोनच महिन्यांनी, मे 2019 मध्ये, काँग्रेसच्या बाबूश मोन्सेरात यांनी ही जागा भाजपकडून घेतली. पंचवीस वर्षांचा गड पडला तेव्हा उत्पल उमेदवारही नव्हते. जुलैमध्ये मोन्सेरात यांच्यासह काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले आणि 2022 मध्ये पक्षाने उमेदवारी त्यांनाच दिली. उत्पल अपक्ष म्हणून उभे राहिले. त्यांना 6,071 मते पडली, मोन्सेरात यांना 6,787. अंतर 716 मतांचे. इथे पक्षाचे चिन्ह, संघटना आणि बूथवरचे कार्यकर्ते नसताना एका नवख्या उमेदवाराने सहा हजारांचा आकडा गाठला. शिवाय काँग्रेसचे एल्विस गोम्स यांनीही तीन हजारांवर मते घेतली. विजयी उमेदवारालाच निकालाच्या दिवशी आपल्या मताधिक्याचे समाधान वाटले नाही आणि भाजपच्या मतदारांची बरीच मते उत्पल यांना गेली हे त्यांनी स्वतः सांगितले. या आकड्यांतून ‘पणजी विसरली’ असा अर्थ काढायला बरीच ओढाताण करावी लागते.

हे सारे मी काकांना फोनवर सांगितले. त्यांनी मध्येच थांबवून विचारले, ‘‘म्हणजे एक्याण्णवला खरेच हरले होते? मी तेव्हा मगोला मत दिले होते रे.’’