परसातल्या मांडवाचा रंग: चॉकलेटी की राखाडी?

भाऊ, वेलींच्या लोखंडी मांडवाला फिकट राखाडी रंग द्या, असं मी आधीच्या लेखात सुचवलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन: काळ्या मातीत फिकट रंग एका पावसाळ्यात घाण होतो, चॉकलेटीवर मळ दिसत नाही, आणि रंग कोणताही दिला तरी सावली तेवढीच.

तिसरा आक्षेप पूर्ण मान्य. मांडवाखाली गारवा येतो तो वेलीने नाहीतर हिरव्या नेटने. त्या लेखात हे स्पष्ट लिहायलाच हवं होतं. पण पाइप किती तापतो हे मात्र रंगावर ठरतं. मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते तेव्हा गडद पाइपला हात लाववत नाही, आणि उन्हाळी दोडक्या-कारल्याचे कोवळे शेंडे त्याला टेकले की करपतात.

मळाचं म्हणाल, तर ओला चिखल काळा असतो, पण मार्च ते मे वावरातून उडणारी धूळ वाळलेली, राखाडीच असते. ती चॉकलेटीवर उठून दिसते. शिवाय ऑइल पेंट उन्हाने हळूहळू खडूसारखी भुकटी सोडतो. गडद रंगावर ती आधी नजरेत भरते.

चिखलाबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. शिंतोडे बहुतेक दीड-दोन फुटांपर्यंतच उडतात. आपल्या घरांच्या भिंतींना खाली गडद पट्टा असतो, तसाच खांबांनाही द्या: खालचे दोन फूट चॉकलेटी, वर सगळं राखाडी. चॉकलेटी रंग बहुधा लोह-ऑक्साइडचा असतो, तो सहसा विटत नाही.

१० बाय १२ फुटांचा मांडव धरा: तीन इंची चौकोनी पाइपचे ८ फुटी चार खांब, ४ बाय २ इंची चौकट, वर फुटाफुटावर २ बाय १ इंची आडव्या पट्ट्या. रंगवायचं क्षेत्र साधारण १३० चौरस फूट होतं. ब्रशने दोन हातांना राखाडी तीन लिटर, प्रायमर दीड लिटर आणि खांबांच्या खालच्या पट्ट्याला चॉकलेटी २०० मिली पुरे.

पण खरं नुकसान रंग चुकल्याने होत नाही, प्रायमर चुकल्याने होतं. साध्या काळ्या पाइपला गंज खरवडून, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, थिनरने पुसून रेड ऑक्साइडचा एक हात चालतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाइपवर मात्र ऑइल पेंट थेट दिला तर जस्त आणि रंगातलं तेल यांची प्रक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर बनतो, आणि रंग सालीसारखा सुटतो. त्याला आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला धरून बसणारा प्रायमर, लागतो. दुकानात ‘जीआयसाठी’ असं सांगूनच मागा. वेल्डिंगच्या सांध्यांवरचं जस्त जळालेलं असतं, गंज तिथूनच सुरू होतो. तिथे झिंकवाल्या प्रायमरचा हात आधी फिरवा.

सागाचा मांडव असेल तर ऑइल पेंट नकोच. दुकानात तयार मिळणारं उकळलेलं (‘बॉइल्ड’) जवसाचं तेल पातळ लावून जादाचं पुसून घ्या. कच्चं तेल दिवसचे दिवस चिकट राहतं, त्यावर धूळ बसते.

काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीच्या आत करा. सकाळी दव सुकल्यावर सुरू करून चारच्या आत थांबा. मे महिन्यात तापलेल्या पाइपवर रंगाची वरची साय लगेच धरते, आतलं थिनर अडकतं आणि फोड येतात.

तरीही मन चॉकलेटीकडेच जात असेल, तर पाइपचे फूटभराचे दोन तुकडे दोन रंगांत रंगवून उन्हाळ्यात आठ दिवस परसातच बांधून ठेवा. दुपारी दोनला दोन्हींना हात लावून बघा, आणि दोन्हींवरची धूळही.