‘ड्राफ्ट-बिफ्ट टूलमेकर बघून घेतो’ म्हणणाऱ्या वाचकास

प्लास्टिकच्या वस्तूचा साचा आणि पेटंट यांवरच्या माझ्या लेखावर ‘एक डिझायनर’ या नावाने आलेली तुमची प्रतिक्रिया वाचली. खरं नाव दिलं असतंत तर नमस्कारही नावानिशी केला असता. असो.

आधी चूक कबूल करतो, नाहीतर तेवढंच धरून बसाल. पेटंट अर्जाच्या परीक्षणाची विनंती 48 महिन्यांत करायची, असं मी लिहिलं होतं. मार्च 2024 च्या नियमदुरुस्तीपासून नव्या अर्जांना 31 महिनेच मिळतात. लेखात बदल केलाय. मुद्दा बरोबर होता. ‘एवढंही माहीत नाही तर लिहिता कशाला’ ही शेपटी नसती तरी चाललं असतं.

आता तुमचं लाडकं वाक्य: ‘थ्रीडी प्रिंट नीट बसला की डिझाइन संपलं, ड्राफ्ट-बिफ्ट टूलमेकर बघून घेतो.’ टूलमेकर म्हणजे साचा बनवणारा, आणि ड्राफ्ट म्हणजे भाग साच्यातून सुटावा म्हणून भिंतींना दिलेला किंचित उतार. भोसरीत साच्यांच्या ट्रायलला उभं राहण्यात माझी एकवीस वर्षं गेली, ती या ‘बिफ्ट’पायीच.

समजा एबीएस या प्लास्टिकचा डबा आहे. आतली रुंदी 61 मिमी, खोली 40, तळाशी 60 मिमीचा सर्किट बोर्ड. प्रिंटच्या भिंती सरळ उभ्या, बोर्ड अलगद बसतो. साच्यात अशा भिंती कोअरला, म्हणजे डब्याची आतली पोकळी घडवणाऱ्या गाभ्याला, आवळून बसतात. भाग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिना जोर लावतात आणि तिथे पांढरे डाग उठतात. म्हणून प्रत्येक बाजूला एक अंश ड्राफ्ट. 40 मिमी खोलीला तो 0.7 मिमी खातो, दोन्ही बाजू धरून 1.4. तोंडाशी 61 राखलेत तर तळाशी 59.6 उरले, बोर्ड बसणार नाही. तळाशी 61 राखलेत तर तोंड 62.4 झालं, म्हणजे झाकण नव्याने काढा. टूलमेकरने यातलं काय निवडायचं? त्याच्याकडे बोर्डाचं ड्रॉइंगही नसतं हो!

रिबचंही, म्हणजे भिंतीला बळकटी देणाऱ्या पट्टीचंही, तेच. 2.5 मिमीच्या भिंतीला आतून 2.5 चीच रिब दिलीत, तर तिथला जाड भाग उशिरा थंड होऊन आत ओढला जातो आणि बाहेर सिंक मार्क, म्हणजे खळगा, दिसतो. प्रिंटवर तो कधीच दिसत नाही. रिब 1.2 ने सुरू करावी. कमी पडली तर साच्यातली खाच इडीएमवर (ठिणग्यांनी पोलाद कोरणाऱ्या यंत्रावर) रुंदावून 1.5 करता येते. उलटं, म्हणजे जाड रिब बारीक करायची, तर वेल्डिंग करून पोलाद भरा, पुन्हा घासा, आणि पृष्ठभागावर टेक्स्चर असेल तर ते ठिगळ लपत नाही. साचा कापून झाल्यावर ‘एबीएसऐवजी पीपी वापरू, स्वस्त पडेल’ म्हणत प्लास्टिकच बदलणारेही भेटतात. एबीएस साधारण अर्धा टक्का आकसतं, पीपी दीड टक्क्याच्या आसपास. 120 मिमीच्या भागात 1.2 मिमीचा फरक पडला, आता झाकण कशावर लावणार?

पहिले पन्नास नग सिलिकॉनच्या साच्यात ओतून बाजारात अजमावावेत, ही तुमची सूचना लेखाच्या विषयाबाहेरची. साच्याच्या खर्चाचा हिशेब ‘अर्धवट’ म्हणता, पण किती नगांचा आणि किती कॅव्हिटींचा (एका वेळी किती नग निघणाऱ्या साच्याचा) हवा होता ते लिहायला तुम्हाला सवड झाली नाही. आणि लेख म्हणजे ‘टूलरूमवाल्यांची जाहिरात’ असेल, तर तिचे पैसे अजून यायचे आहेत.

पुढच्या कामात टूलमेकरने ‘साहेब, ड्राफ्ट आत देऊ की बाहेर?’ असं विचारलं, तर काय सांगितलंत ते जरूर कळवा. या वेळी नावासकट.