लेआउटमधील बागांविषयी खुलासा

आपल्या लेआउटमधील दोन्ही बागांत रहिवासी संघाची वर्गणी न भरणाऱ्या प्लॉटधारकांना प्रवेश मिळणार नाही आणि थकीत रकमेचा बोजा त्यांच्या सातबाऱ्यावर चढवला जाईल, असा संदेश काही दिवसांपासून व्हॉट्सॲपवर फिरत आहे. यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

राज्याच्या विकास नियंत्रण नियमांनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्राच्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते आणि ती सर्व रहिवाशांच्या सामाईक वापरासाठी असते. संघाचे सभासदत्व ऐच्छिक असले, तरी बागेवरील हक्क प्लॉटबरोबर येतो, पावतीबरोबर नव्हे. म्हणून कोणाच्याही मुलाला झोपाळ्यावरून उठवण्याचा अधिकार कार्यकारिणीला नाही आणि तो तिला असूही नये.

वसुलीबाबतचा गोंधळ बहुधा गृहनिर्माण संस्थांच्या उदाहरणावरून झाला असावा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेल्या संस्थेला थकबाकी वसुलीचा दाखला मिळवता येतो. आपला संघ मात्र संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली नोंदलेला असल्याने त्याला तो मार्ग उपलब्ध नाही. त्या कायद्याच्या कलम 15 नुसार वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकल्यास सभासदाला मतदान करता येत नाही; आणि नियमांनुसार देय असलेल्या थकबाकीसाठी संघ कलम 10 खाली त्याच्यावर न्यायालयात दावा करू शकतो, एवढेच.

माळ्याचा पगार, बोअरचे वीजबिल आणि खेळण्यांची दुरुस्ती मात्र केवळ या वर्गणीतूनच होते. मार्चपासून पाणी दुप्पट लागते, म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी फेब्रुवारीअखेर वर्गणी द्यावी, ही कळकळीची विनंती.