कुणीतरी आपल्याकडेही यावं

गुहागर तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी त्यावर आंब्याच्या पेटीचा भाव आणि शिमग्यातल्या पालखीचे फोटो. गेल्या महिन्यात मात्र तिथे जुंपली. जिल्हा परिषदेच्या शाळांतली निवडक मुलं सरकारी खर्चाने नासा बघायला पाठवावीत का? रत्नागिरी जिल्ह्याने ती पाठवलीही आहेत. एकाचं म्हणणं, वर्गाचं छप्पर गळतंय आणि विमानाला पैसे कुठून आले? दुसरा म्हणे, मग काय खोताच्याच पोरांनी विमानात बसायचं? मला दोन्ही पटलं, म्हणून मी गप्प बसले. इथे जर्मनीत, बॉनच्या कोरड्या घरात बसून गळक्या छपरावर मत देणं फार सोपं असतं.

माझ्या डोक्यात तिसरंच काहीतरी होतं, आणि ते आलं आमच्याकडे राहून गेलेल्या एका फ्रेंच मुलीमुळे.

लेकीच्या इथल्या शाळेची फ्रान्समधल्या एका शाळेशी मुलांची अदलाबदल आहे. १८७० ते १९४५ या पाऊणशे वर्षांत जर्मनी आणि फ्रान्स तीनदा एकमेकांच्या उरावर बसले. १९६३ मध्ये जर्मन चॅन्सेलर आदेनाउअर आणि फ्रेंच राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी मैत्रीचा करार केला आणि त्याच वर्षी दोन्ही सरकारांनी मिळून एक युवा कार्यालय काढलं. खर्च निम्मा-निम्मा. आजवर ९० लाखांहून जास्त मुलं-तरुण त्यातून इकडचे तिकडे झाले. प्रवासखर्चाला कार्यालयाचा हातभार लागतो. राहणं-जेवणं यजमानाच्या घरी. म्हणजे आमच्या अडीच खोल्यांत. पहिल्या रात्री ती सोलकढीच्या वाटीकडे बघत बसली, गुलाबी दूध जेवणात का देतात म्हणून. आठव्या दिवशी आमसुलांची पुडी बॅगेत घालून निघाली. पुढच्या महिन्यात आमची लेक तिच्या घरी आठ दिवस. तिथल्या आजीने तिला न विचारता गोगलगाई वाढल्या, तो किस्सा ती अजून सांगते.

जेवढी गेली तेवढी आली. खर्च कमी, कारण हॉटेलच नाही. आणि पाहुणी घरात असली की नुसतं बघून चालत नाही. आपल्या घरात काय कसं चालतं ते तिला समजावून सांगावं लागतं. सोलकढीत नारळाचं दूध का घालतात हे मला त्या आठवड्यापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

आपल्याकडे मात्र परदेश म्हटलं की 'दौरा'. दिल्लीतले शिक्षक फिनलंडला पाठवायचे की नाही, यावरून २०२३ च्या सुरुवातीला तिथलं सरकार आणि नायब राज्यपाल यांच्यात केवढं रण माजलं! फिनलंडचा शिक्षक आपल्या शाळेत कधी येणार, हे कुणी विचारल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. अभ्यासकांच्या देवाणघेवाणीचा भारत-अमेरिका फुलब्राइट करार १९५० चा. २००८ पासून भारतही बरोबरीने पैसे घालू लागला, म्हणून त्या शिष्यवृत्तीच्या नावात नेहरू आले. तिथे अमेरिकन अभ्यासकही इकडे येतात. पण ते विद्यापीठांच्या शहरांत. आमच्याकडची धोपाव्याची फेरीबोट त्यांच्या वाटेवर नाही.

'गेलेले परत येतात कुठे?' हा टोमणा ग्रुपवर आलाच, आणि तो मला लागू आहे. मी जर्मन शिष्यवृत्तीवर दोन वर्षांसाठी आले, त्याला चौदा वर्षं झाली. फुलब्राइटवाल्यांना शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. मला तशी अट नव्हती. (असती तर बरं झालं असतं का, हे नवऱ्यासमोर विचारू नका.) पण नुसत्या अटीने माणूस परततो असं मला वाटत नाही. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले आणि परत येऊन १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य. त्यांची खुर्ची वाट बघत होती. शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. ते १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी. शब्दाला जागून १९१७ मध्ये ते बडोद्यात आले, तर त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी सराईतूनही बाहेर काढलं. करार कुणी मोडला म्हणायचा?

आमच्या शाळेत आज दोन शिक्षक आणि चार इयत्ता. पट घसरतोय, छोट्या शाळा एकत्र करून काढायच्या समूह शाळेची टांगती तलवार आहेच. मुख्याध्यापक घाटावरचे, बीडकडचे. आंतरजिल्हा बदलीची वाट बघत नऊ वर्षं काढली. आले तेव्हा पोरांची बोली त्यांना कळेना. आता नमनाच्या, म्हणजे आमच्या कोकणी लोकनाट्याच्या, तालमीला तेच बसतात. अदलाबदलीचा शिक्षक तो याहून वेगळा काय असतो? त्यांना कुणी शिष्यवृत्ती दिली नाही, इतकंच. एका वर्गात दोन इयत्ता शिकवायची त्यांची हातोटी इथल्या जर्मन शिक्षकांना बघायला मिळायला हवी. जर्मनीने आपल्या खेड्यांतल्या अशा छोट्या शाळा साठ-सत्तरच्या दशकात बंद करून टाकल्या, आणि आता इथल्या काही शाळांत पहिली-दुसरी मुद्दाम एकत्र बसवतात.

म्हणून ग्रुपवर न लिहिता मी सरळ मुख्याध्यापकांना फोन लावला. इथला एखादा शिक्षक सहा आठवडे पाठवायची सोय झाली, तर गावात ठेवाल का?

"ठेवू की, ताई. घरं रिकामीच आहेत, किल्ल्या माझ्याकडे. फक्त पावसाळ्यात नका पाठवू. शाळेच्या वाटेवरचा साकव वाहून गेलाय."