ट्रूमन दिवाळखोर नव्हते, आणि एकट्याच्या बळावर वरही गेले नाहीत

व्यापाऱ्यांच्या आणि स्पर्धा परीक्षावाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्यावरचा एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचं सार असं: मिसुरी राज्यातल्या छोट्या गावचा साधा दुकानदार. धंदा जमला नाही, दिवाळं निघालं. पन्नाशीपर्यंत हात घालील तिथे अपयश. तरी देणेकऱ्यांची पै न पै फेडली, कुणाच्याही आधाराशिवाय सिनेटमध्ये गेला आणि साठीत राष्ट्राध्यक्ष झाला. कर्जात अडकलेल्या माणसाला धीर देण्यासाठी हा मजकूर पाठवला जातो, म्हणून तो मला जास्तच खटकतो. अशा माणसाला खोटा हिशोब दाखवू नये.

दिवाळं निघालं, ही पहिली चूक. नोव्हेंबर 1919 मध्ये ट्रूमन आणि एडी जेकबसन यांनी कॅन्सस सिटीत, बाराव्या रस्त्यावर, म्यूलबाख हॉटेलसमोर पुरुषांच्या कपड्यांचं दुकान काढलं: शर्ट, टाय, कॉलर, पट्टे, हातमोजे, टोप्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी छावणीतलं कँटीन दोघांनी मिळून नफ्यात चालवलं होतं, तीच ओळख भागीदारीत उतरली. खरेदी जेकबसन बघायचे, वह्या ट्रूमन लिहायचे. 1922 मध्ये दुकान बंद पडलं. पुढे 1925 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तो जेकबसन यांनी. ट्रूमन यांनी तो कधीच केला नाही. व्हॉट्सॲपवरच्या गोष्टीत जेकबसन यांचं नावही नसतं. ते फिरते विक्रेते म्हणून राबले, पुढे कॅन्सस सिटीतच त्यांनी पुन्हा स्वतःचं कपड्यांचं दुकान उभं केलं आणि दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली.

धंदा जमला नाही, हे तर मला सगळ्यात अन्यायाचं वाटतं. पहिल्या वर्षी त्या दुकानाची विक्री सुमारे 70 हजार डॉलर झाली होती. गिऱ्हाईक होतं, जागा मोक्याची होती, दोघं सकाळपासून रात्रीपर्यंत आळीपाळीने गल्ल्यावर बसत होते. मग 1920-21 ची मंदी आली. युद्धातली सरकारी खरेदी थांबली, व्याजदर चढले, शेतमालाचे भाव कोसळले. दोन डॉलरांच्या वर असलेला गहू डॉलरच्या आसपास आला आणि शेतकऱ्याच्या खिशावर चालणारं ते सगळं शहर थंडावलं. चढ्या भावात भरलेला माल दुकानात पडून, आणि नवा माल घाऊक बाजारात निम्म्या किमतीत मिळू लागलेला. अशा वेळी शेजारचा दुकानदार स्वस्तात विकतो, आपल्याला खरेदीच्याही खाली विकावं लागतं, बँकेची रक्कम मात्र जुन्याच भावाची राहते. सुमारे 35 हजार डॉलरांच्या मालाची किंमत 10 हजारांच्या खाली आली. यात दुकानदाराची अक्कल कुठे कमी पडली? कापड विकणारा कोणीही हे एका बैठकीत समजून घेईल.

पै न पै फेडली, हे जवळपास खरं आहे, पण पूर्ण नाही. पंधराएक वर्षं त्यांनी देणी भागवली, याबद्दल आदरच वाटतो. पण एका बँकेच्या कर्जाबद्दल 1929 मध्ये त्यांच्याविरुद्ध निकाल लागला, तेव्हा व्याजासह रक्कम 9 हजार डॉलरांच्या जवळ गेली होती. पुढे ती बँकच बुडाली आणि तिचे कागद विकायला निघाले, तेव्हा ट्रूमन यांच्या भावाने ती वचनचिठ्ठी 1 हजार डॉलरांत सोडवून आणली. यात लबाडी नाही, तडजोड आहे. कर्ज अनेकदा असंच सुटतं, आणि कर्जदाराला हे कळलंच पाहिजे.

पन्नाशीपर्यंत नुसतं अपयश? 1922 मध्येच ते जॅक्सन काउंटीचे, म्हणजे कॅन्सस सिटी ज्यात येते त्या जिल्ह्याचे, ‘जज’ म्हणून निवडून आले होते. हे न्यायाधीशाचं पद नव्हे, आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारखा कारभार. 1924 मध्ये पक्षातल्या भांडणामुळे हरले, 1926 मध्ये प्रमुख म्हणून परत आले आणि आठ वर्षं राहिले. 1928 च्या कर्जरोख्यांतून त्यांनी काउंटीत सव्वादोनशेच्या आसपास मैल काँक्रीटचे रस्ते बांधले. दोन अभियंते नेमले, एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. एक काम तर थेट दक्षिण डकोटातल्या कंपनीला गेलं, कारण तिची निविदा सर्वांत कमी होती. त्या वेळी कॅन्सस सिटीत ठेके कसे वाटले जात, हे पाहिलं की याची किंमत कळते.

आणि इथेच ‘कुणाच्याही आधाराशिवाय’ हा दावा कोसळतो. त्या शहरावर टॉम पेंडरगास्ट यांची पकड होती. स्वतः काँक्रीटचा धंदा करणारा डेमोक्रॅटिक पक्षाचा, म्हणजे ट्रूमन यांच्याच पक्षाचा, हा स्थानिक बॉस मतं, नोकऱ्या, ठेके सगळं सांभाळायचा. ट्रूमन यांचं पहिलं तिकीट त्याच गोटातून आलं, आणि 1934 ची सिनेटची उमेदवारीही, तीसुद्धा इतरांनी नकार दिल्यावर. वॉशिंग्टनमध्ये त्यांना ‘पेंडरगास्टचा सिनेटर’ म्हणून हिणवत. त्यांनी स्वतः खाल्ल्याचा पुरावा नाही. पण खासगी टिपणांत त्यांनी लिहून ठेवलं आहे, की बाकीचा मोठा निधी वाचवायचा म्हणून एका माजी दारूगुत्तेवाल्याला सुमारे 10 हजार डॉलर खाऊ दिले. आपण बरोबर केलं की गुन्ह्यात सामील झालो, हा प्रश्नही त्यांनी स्वतःलाच विचारला आहे. हे पान मला त्या सगळ्या प्रेरणादायी मजकुरापेक्षा मोलाचं वाटतं. 1939 मध्ये पेंडरगास्ट करचुकवेगिरीत तुरुंगात गेले. पुढच्याच वर्षी, बॉसचा आधार संपलेला असताना, ट्रूमन यांनी सिनेटच्या उमेदवारीसाठीची पक्षांतर्गत निवडणूक सुमारे 8 हजार मतांनी जिंकली. एकट्याच्या बळाचं कौतुक करायचं तर ते 1940 चं करावं, 1934 चं नव्हे.

राहिला साठीतला चमत्कार. 1941 च्या सुरुवातीला ट्रूमन स्वतः गाडी चालवत लष्करी छावण्यांची बांधकामं पाहत फिरले. उघड्यावर भिजणारं सामान, काम नसलेले मजूर, आणि ठेके असे की झालेला खर्च सरकारचा आणि वर ठेकेदाराचा ठरलेला नफा. पैसे वाचवण्यात कुणाचंच हित नव्हतं. मार्च 1941 मध्ये सिनेटने त्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, सुरुवातीचा खर्च फक्त 15 हजार डॉलर. समितीने पोलादाच्या पत्र्यांच्या चाचण्यांचे खोटे आकडे पकडले, ओहायोतल्या कारखान्यातून सदोष विमान-इंजिनं पास होत होती ती उघड केली. युद्ध चालू असताना आपल्याच पक्षाच्या सरकारला तिने हिशोब मागितला. या कामामुळे ट्रूमन देशभर ओळखले गेले, म्हणूनच 1944 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याबरोबर उपराष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचं नाव पुढे येऊ शकलं. 12 एप्रिल 1945 ला रूझवेल्ट वारले आणि ट्रूमन राष्ट्राध्यक्ष झाले. व्हॉट्सॲपवरच्या मजकुरात या समितीचा एक शब्दही नाही. तो पुढे पाठवणाऱ्यांनी निदान तेवढी एक ओळ त्यात घालावी.